बंदुकीच्या धुळीतले शिसे

दादरच्या कीर्ती महाविद्यालयात शिकणाऱ्या अंजली वेदपाठकने एनसीसीत असताना रायफल हाती घेतली, २०००च्या सिडनी ऑलिम्पिकची अंतिम फेरी गाठली आणि पुढे ती अंजली भागवत या नावाने ओळखली गेली. तेव्हापासून गिरगाव, परळ, दादरच्या घरांतून नेमबाजीकडे वळणाऱ्या मुलामुलींचे कुणाला अप्रूप राहिलेले नाही. रेंजवर कानाला संरक्षण असते, डोळ्यांना चष्मा असतो. बोटांकडे मात्र फारसे कुणी पाहत नाही. सराव संपला की भूक लागते, आणि त्याच बोटांनी वडापाव खाल्ला जातो.

पॉइंट टू टू रायफलची गोळी बहुतेक वेळा उघड्या शिशाची असते. काडतुसाच्या बुडातल्या ज्या स्फोटक मिश्रणावर घोड्याचा आघात होतो, त्यातही सहसा शिशाचेच संयुग असते. बार उडाला की या शिशाची वाफ होते आणि थंड होताना ती अतिसूक्ष्म धुळीच्या रूपात हातांवर, केसांत, कपड्यांवर बसते. बंदिस्त, हवा न खेळणाऱ्या रेंजमध्ये ती श्वासातूनही जाते. २०१७ साली ‘एन्व्हायर्नमेंटल हेल्थ’ या नियतकालिकाने नेमबाजांवरील ३६ अभ्यासांचा आढावा छापला. त्यांपैकी ३१ अभ्यासांत काही नेमबाजांच्या रक्तात दर डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे सापडले होते. जागतिक आरोग्य संघटना ५ मायक्रोग्रॅमलाच शिशाचा स्रोत शोधून तो थांबवायला सांगते, आणि शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही, असेही बजावते.

एअर रायफलमध्ये दारू जळत नाही, त्यामुळे वाफ नाही. पण छर्रा शिशाचाच, आणि तो चिमटीत धरूनच भरायचा असतो.

जुन्या लष्करी रायफलींची तऱ्हा आणखी वेगळी. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर पिढ्यान्‌पिढ्या दिसलेली थ्री नॉट थ्री घ्या. तिच्या गोळीला वरून धातूचे कवच असते, पण बुडाशी शिसे उघडेच. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे, म्हणजे काडेपेटीच्या गुलात असते तेच. ते जळल्यावर नळीत पोटॅशियम क्लोराइड उरते. रक्तदाबाच्या रुग्णांसाठी जे कमी सोडियमचे मीठ मिळते, त्यातला हा घटक. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास गेली की हे मीठ ओल धरते आणि नळी गंजू लागते. मुंबईच्या पावसाळ्यात तर हे रोजचेच. ब्रिटिश फौजेत नळीत नरसाळ्याने उकळते पाणी ओतत, ते या मिठासाठी. तेलाने मीठ विरघळत नाही. त्याहून जुन्या टोप्यांतला पारा पितळी पुंगळीत शिरून ती ठिसूळ करी. अशी पुंगळी दुसऱ्यांदा वापरली तर फाटू शकते.

दुसऱ्यांदा वापरायची कशाला? परदेशात जुन्या लष्करी रायफली बाळगणारे हौशी लोक रिकाम्या पुंगळ्या घरीच पुन्हा भरतात, कारण त्या मापाची काडतुसे महाग तरी असतात किंवा मिळत तरी नाहीत. या छंदात स्फोटाची भीती सर्वांनाच असते. पण शरीराचे नुकसान बहुधा निमूट होते: वापरलेली टोपी काढताना, पुंगळ्या कोरड्याच घासून चकचकीत करताना उडणाऱ्या धुळीने, आणि शिसे वितळवून गोळ्या ओतताना. भारतात १९५९चा शस्त्र कायदा परवान्याविना काडतुसे बनवू देत नाही, हे चांगलेच आहे. तरी हीच धूळ रेंजवर रिकाम्या पुंगळ्या वेचणाऱ्याच्या, शस्त्रे साफ करणाऱ्या पोलिसाच्या आणि जमीन झाडणाऱ्या कामगाराच्या वाट्याला येतेच. नेमबाजाच्या आरोग्याबद्दल निदान बोलले तरी जाते. या माणसांची आठवण कुणाला होत नाही.

शरीर शिशाला कॅल्शियम समजून फसते आणि हाडांत साठवते. रक्तातले शिसे महिनाभरात निम्मे होते, हाडांतले मात्र दशकानुदशके राहते आणि गरोदरपणात पुन्हा रक्तात उतरते. मोठ्यांमध्ये रक्तदाब वाढणे, मूत्रपिंडावर ताण, थकवा, चिडचिड अशी लक्षणे दिसतात. ती कुणी शिशाशी जोडत नाही. लहान मुलांच्या मेंदूवर होणारा परिणाम भरून येत नाही. लालबागच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत रेंजवरचा शर्ट आणि रांगणारे मूल यांच्यात अंतर ते किती असणार?

उपाय साधे आहेत. रेंजवरून निघण्याआधी साबण लावून हात आणि तोंड धुवावे. सॅनिटायझरने शिसे निघत नाही. त्याआधी खाणे, चहा, सिगारेट, तंबाखू काहीच नको. रेंजचे बूट दाराबाहेर काढावेत, कपडे झटकू नयेत आणि वेगळे धुवावेत. रेंजची जमीन कोरड्या झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. लोह आणि कॅल्शियम पुरेसे असलेल्या शरीरात शिसे कमी शोषले जाते, म्हणून नाचणी, दूध, पालेभाज्या ताटात असाव्यात. नियमित सराव करणाऱ्यांनी आणि रेंजवर काम करणाऱ्यांनी वर्षातून एकदा रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी. ती नेहमीच्या रक्ततपासणीत येत नाही, डॉक्टरांकडून वेगळी लिहून घ्यावी लागते. बाई गरोदर असेल तर तिने पहिल्याच भेटीत आपण रेंजवर जातो, हे सांगावे.