पडद्याआडचे कामकरी

संगणक सुरू केला आणि पडद्यावर एकही कार्यक्रम उघडला नाही, तरी आत किती कामे चालू असतात? विंडोज १० किंवा ११ असलेल्या संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा व त्यातील ‘डिटेल्स’ हे पान पाहावे. तेथे शंभराहून अधिक नावे सहज आढळतात. यांतील बहुतेक आपण सुरू केलेली नसतात. संगणक संथ झाला, की ही अनोळखी नावे बंद करून टाकण्याचा मोह होतो. तसे करण्यापूर्वी ती कोणाची आहेत हे समजून घेऊ.

डिस्कवर साठवलेली आज्ञावली म्हणजे वहीत लिहिलेली पाककृती. तिच्याप्रमाणे चालू झालेला प्रत्यक्ष स्वयंपाक म्हणजे ‘प्रक्रिया’. प्रत्येक प्रक्रियेला क्रमांक आणि स्मृतीतील स्वतंत्र जागा मिळते. यांपैकी काही प्रक्रिया वापरणाऱ्याशी बोलत नाहीत, फक्त इतरांना सेवा पुरवतात. मोहाडीच्या परिसरात धानाची रोवणी करणारे हात सर्वांना दिसतात, पण मामा तलावाचे पाणी कोणत्या बांधीला केव्हा सोडायचे हे पाहणारा माणूस सहसा नजरेत येत नाही. त्याने काम थांबवले, की मात्र रोवणी अडते. संगणकातील पार्श्वभूमीच्या प्रक्रियांचेही असेच आहे.

युनिक्स कुळातील प्रणालींत अशा प्रक्रियेला ‘डीमन’ म्हणतात. १९६० च्या दशकात अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील संगणकतज्ज्ञांनी हा शब्द रूढ केला. मॅक्सवेलने १८६७ साली कल्पिलेला, न थकता रेणूंची निवड करीत बसणारा छोटा ‘राक्षस’ त्यांच्या डोळ्यांसमोर होता. भौतिकीच्या शिक्षकांना तो परिचित आहेच.

या प्रक्रियांची एक वंशावळ असते. लिनक्समध्ये क्रमांक १ ची प्रक्रिया आधी जन्मते आणि बाकीच्या सेवा तिच्यापासून सुरू होतात. विंडोजमध्ये प्रथम ‘एसएमएसएस’ येते. पुढे ‘सीएसआरएसएस’ आणि ‘विनइनिट’ सुरू होतात. विनइनिटपासून ‘सर्व्हिसेस’ आणि प्रवेशाची ओळख तपासणारी ‘एलसॅस’ या प्रक्रिया निघतात. सर्व्हिसेसच्या हाताखाली ‘एसव्हीसीहोस्ट’च्या अनेक प्रती असतात व प्रत्येकीत एक वा अनेक सेवा नांदतात. सीएसआरएसएस सक्तीने बंद केली, तर सारी प्रणालीच कोलमडते.

हे वर्गात दाखवता येते. सर्व काम जतन करून टास्क मॅनेजरमधून ‘एक्सप्लोरर’ बंद करावा. खालची पट्टी व चित्रे नाहीशी होतात, पण उघडलेला लेख तसाच राहतो. काही वेळा एक्सप्लोरर आपोआप परततो. न परतल्यास टास्क मॅनेजरमधूनच ‘रन न्यू टास्क’ निवडून त्याचे नाव द्यावे. पट्टी दाखवणे हे एका प्रक्रियेचे काम आहे आणि लेख सांभाळणे दुसरीचे, हे विद्यार्थ्यांना यातून कळते.

साधी प्रक्रिया बिघडली तर बहुधा ती एकटीच पडते, कारण तिला इतरांच्या स्मृतीत हात घालता येत नाही. प्रणालीच्या गाभ्यात चालणाऱ्या भागाला मात्र असे कुंपण नसते. १९ जुलै २०२४ रोजी याचा प्रत्यय आला. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा आज्ञावलीला एक सदोष माहिती-फाइल मिळाली. ती वाचणारा भाग गाभ्यात चालत असल्यामुळे विंडोजचे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. मुंबईच्या आकासा एअरसह काही विमान कंपन्यांना प्रवाशांची नोंदणी हाताने करावी लागली. हजारो प्रवाशांना ठाऊकही नसलेली एक पडद्याआडची सेवा त्यांना खोळंबवून गेली.

मग संथ संगणकाचे काय करावे? यादीची लांबी पाहून घाबरू नये. बहुतेक प्रक्रिया झोपलेल्या असतात. बटण दाबले जाण्याची किंवा जाळ्यातून निरोप येण्याची त्या वाट पाहतात. त्या थोडी स्मृती अडवतात, पण प्रक्रियकाचा वेळ जवळजवळ घेत नाहीत. म्हणून ‘सीपीयू’ आणि ‘मेमरी’ हे रकाने उतरत्या क्रमाने लावावेत. खरा खादाड वर येतो, आणि पुष्कळदा तो आपणच उघडलेला ब्राउझर असतो.

विषाणू ओळखीचे नाव घेऊन येतात, एखादे अक्षर मागेपुढे करतात. त्यामुळे नावावर विश्वास ठेवू नये. नावावर उजवे बटण दाबून ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडावे. खरी एसव्हीसीहोस्ट विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, बहुधा ‘सिस्टिम ३२’मध्ये असते. पेनड्राइव्हवर किंवा डाउनलोडच्या फोल्डरमध्ये ती सापडली, तर संगणक जाळ्यापासून तोडून विषाणूतपासणी करावी. अनोळखी प्रक्रिया बंद करण्याआधी ती कोठून आली आणि कोणाचे काम करते, हे दोन प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लावावी.