अभिक्रियेची कोटी, वेग व अर्धायुकाल : उसाच्या रसातील साखरेच्या संदर्भात

प्रस्तावना :
प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गाळप हंगाम १९५०-५१ साली झाला आणि अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा साखरेचा जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला. तिसगाव ज्या पाथर्डी तालुक्यात आहे, तेथेही आदिनाथनगर येथे वृद्धेश्वर सहकारी साखर कारखाना आहे. उसाचा दर साखर उताऱ्याशी निगडित असल्याने रसातील साखर कोणत्या गतीने नष्ट होते, हा प्रश्न शेतकऱ्याच्याही हिताचा आहे. प्रस्तुत लेखात त्याचे रासायनिक गतिशास्त्राच्या आधारे विवेचन केले आहे.

कोटी व अर्धायुकाल :
अभिक्रियेचा वेग संहतीच्या ज्या घाताशी समप्रमाणात असतो, त्या घातांकास अभिक्रियेची कोटी म्हणतात. संहती निम्मी होण्यास लागणारा काळ म्हणजे अर्धायुकाल. समजा, संहती ८ वरून ४ होण्यास २ तास लागले. ती ४ वरून २ होण्यास शून्य कोटीत १ तास, प्रथम कोटीत पुन्हा २ तास, तर द्वितीय कोटीत ४ तास लागतील. म्हणजेच प्रथम कोटीत अर्धायुकाल आरंभीच्या संहतीवर अवलंबून नसतो. ०.६९३ या संख्येस वेगस्थिरांकाने भागले असता तो मिळतो.

साखरेचे विघटन :
आम्लाच्या सान्निध्यात साखरेचे पाण्याशी संयोग होऊन ग्लुकोज व फ्रुक्टोज बनते. जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्मी यांनी १८५० साली ध्रुवित प्रकाशाच्या वलनावरून या अभिक्रियेचा वेग मोजला. यात पाणीही भाग घेते, परंतु विपुल असल्याने त्याची संहती जवळजवळ स्थिर राहते. म्हणून ही अभिक्रिया छद्म-प्रथम कोटीची ठरते. परिणामी रस गोड असो वा पातळ, ठरावीक काळात साखरेचा सारखाच अंश नष्ट होतो.

वेगस्थिरांक मात्र तापमान व आम्लतेनुसार बदलतो. तापमान तेच असताना सामू एकने घटल्यास वेग सुमारे दहापट होतो व अर्धायुकाल एक दशांशावर येतो. ताजा रस किंचित आम्लधर्मी असतो. म्हणूनच उकळण्यापूर्वी त्यात चुना मिसळून सामू ७ च्या आसपास आणतात.

तोडलेल्या उसात विकरे व सूक्ष्मजीवही साखर फोडतात; तेथे हे साधे सूत्र जसेच्या तसे लागू पडत नाही.

निष्कर्ष :
प्रथम कोटीच्या अभिक्रियेत संहती बदलून अर्धायुकाल वाढविता येत नाही. रसातील साखर वाचविण्यासाठी आम्लता व तापमान यांवर नियंत्रण आणि गाळपातील विलंब टाळणे, हेच मार्ग उरतात.