बाबागाडीवाचून वंडलूर

चेन्नईस वेस्ट मांबलममध्ये आप्तांकडे उतरलात, तर मुले वंडलूरच्या प्राणिसंग्रहालयाचा हट्ट धरणारच. बाबागाडी मात्र घरीच ठेवावी. लोकलच्या गर्दीत आणि स्थानकाच्या जिन्यांवर तिचेच ओझे होते. तान्ह्यास जुन्या मऊ लुगड्याची झोळी पुरते. मांबलमहून चेंगलपट्टूची लोकल धरावी; तांबरमला संपणारी उपयोगाची नाही.

मद्रासेत १८५५ साली स्थापन झालेले हे संग्रहालय १९८५ मध्ये वंडलूरला आले. त्याचा विस्तार ६०२ हेक्टर! तीन वर्षांचे मूल जाताना हौसेने धावते आणि परतताना, भर उन्हात, आईच्याच कडेवर येते. (वडिलांचे खांदे कशासाठी असतात?) म्हणून प्रवेशद्वारापाशीच बॅटरीच्या गाडीची चौकशी करावी आणि वाघ-सिंह प्रथम पाहून घ्यावेत. मंगळवारी संग्रहालय बंद असते.