परग्रहाच्या जमिनीचे वय

मी जालन्यात भूगोल शिकवतो. मंगळाचा विषय निघाला की विद्यार्थी विचारतात, “तिथे माणूस गेलाच नाही, मग तिथल्या जमिनीचे वय कोणी सांगितले?” हा प्रश्न मला मोलाचा वाटतो. ‘हे फार पूर्वीपासून असेच आहे’ एवढेच आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले गेले. किती पूर्वीपासून आणि कशावरून, हे विचारण्याची सोय नव्हती. विज्ञानाची सुरुवात मात्र तिथूनच होते.

अंगणात पावसाचे टपोरे थेंब पडू लागले आणि मध्येच अर्धे अंगण सारवले, तर त्या अर्ध्यात थेंबांच्या खुणा कमी दिसतील. मंगळावर थेंबांच्या जागी अवकाशातून कोसळणारे दगड आहेत. जिथे विवरे दाट, ती जमीन जुनी. जिथे लाव्ह्याने सारवण केले, तिथे ती विरळ. पण यातून जुने कोणते आणि नवे कोणते, एवढेच कळते. वर्षांचा आकडा चंद्राने दिला. १९६९ ते १९७२ या काळात अपोलो मोहिमांनी आणलेल्या दगडांचे वय प्रयोगशाळेत काढले, ते जिथले होते तिथली विवरे मोजली आणि प्रमाण बसवले. तेच प्रमाण हिशेबाने बदलून मंगळाला लावतात. वाऱ्याने धूळ साचून लहान विवरे बुजतात, तेव्हा तिथली जमीन आहे त्याहून तरुण भासते.

हे काम किती अवघड आहे, ते आपल्या शेजारी पाहावे. मंठा तालुक्याला लागून बुलढाणा जिल्ह्यातले लोणार आहे. पुराणकथा तिथे लवणासुराचा वध सांगते. ते विवर अशनीच्या आघाताने झाले, हे १९७३ मध्ये तिथल्या खडकांच्या तपासणीतून पुढे आले. भोवतालचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा आहे. पण दगडाचे वय म्हणजे विवराचे वय नव्हे. आघाताच्या उष्णतेने वितळलेल्या काचेवरून ते काढावे लागते. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे आले. २०११ मध्ये आरगॉन वायू मोजून ५ लाख ७० हजार आले. फरक दहापटींहून अधिक!

मंगळावरही हेच. २०१३ मध्ये क्युरिऑसिटी यानाने एका खडकाचे वय जागेवरच काढले. त्यातला गाळ सुमारे ४.२ अब्ज वर्षांपूर्वीच्या दगडांचा. पण तो उघड्यावर येऊन झाली सुमारे आठ कोटी वर्षे. दगड एक, वये दोन.

म्हणून कोणी आकडा सांगितला, तर विद्यार्थ्यांनो, तीन गोष्टी विचारा: वय कशाचे, मोजले कसे, चूक किती असू शकते? लोणारचा जुना आकडा मोठ्या नावामुळे टिकला नाही, आणि नवाही टिकणार असेल तर मोजणीवरच टिकेल. प्राचीनतेचा दावा मंगळाबद्दल असो की माणसांच्या रूढीबद्दल, कसोटी हीच लावा.