मालाच्या फोटोतील 'खरखर' आणि तिच्यावरील इलाज

नमुन्यांचे गाठोडे घेऊन गावोगाव फिरण्याचे दिवस आता बरेचसे मागे पडले आहेत. शाल असो, चप्पल असो की नक्षीची सुरई, मुंबईचे अथवा दुबईचे गिऱ्हाईक प्रथम फोटो मागते व फोटो पाहूनच भाव करते. असे असताना आपले अनेक कारागीर व दुकानदार बंधू फोटो काढतात केव्हा? तर रात्री, दुकान वाढविल्यावर, एका ट्यूबलाईटखाली! मग काळ्या कापडावर लाल-हिरवे ठिपके दिसतात आणि पांढरा माल मळकट वाटतो. या दोषाला 'नॉइज' म्हणतात. रेडिओवर दूरचे स्टेशन लावले की जी खरखर ऐकू येते, तिचाच हा डोळ्यांना दिसणारा भाऊ.

कारण साधे आहे. उजेड कॅमेऱ्याच्या सेन्सरवर कणाकणाने पडतो. उजेड कमी असला की हे कण सारखे पडत नाहीत. कुठे चार, तर शेजारी सात. आयएसओ वाढविल्याने उजेड वाढत नाही, हाती आलेला संकेत तेवढा मोठा केला जातो व त्याबरोबर खरखरही मोठी होते. मोबाईलचा सेन्सर तर जेमतेम नखाएवढा, त्यामुळे तेथे हा त्रास अधिक. उजेड चौपट मिळाला तर चित्राच्या मानाने खरखर निम्म्यावर येते. म्हणून आमचे पहिले सांगणे असे की, माल दिवसा दाराशी, सावलीत मांडावा, आयएसओ 100 किंवा 200 ठेवावा आणि कॅमेरा स्टँडवर लावून टायमरने फोटो घ्यावा. यास दमडीचा खर्च नाही.

तरीही खरखर राहिलीच तर सॉफ्टवेअरकडे वळावे. फोटोशॉपमध्ये 'रिड्यूस नॉइज' नावाची सोय आहे. 1996 साली प्रथम बाहेर आलेले 'गिम्प' तर फुकट मिळते व छोट्या दुकानाला ते पुरते. प्रथम रंगीत ठिपके काढावेत. ते काढल्याने चित्राचे फारसे बिघडत नाही, कारण बारीक रंगभेद आपल्या डोळ्यांना कमी कळतो. करड्या दाण्यांना मात्र हलक्या हाताने शिवावे.

येथेच बहुतेक जण फसतात. औरंगाबादी हिमरूचे उदाहरण घ्या. सूत व रेशीम यांचे ते विणकाम. त्याची किंमत त्या बारीक वेलबुट्टीत आहे. सॉफ्टवेअरला धागा कोणता आणि दाणा कोणता हे कळत नाही. पट्टी शेवटपर्यंत सरकवली की दोन्ही पुसले जातात, आणि हाताने विणलेली शाल मेणकापडासारखी गुळगुळीत दिसते. असा फोटो पाहून हातमागाचा भाव कोण देईल? शंभर टक्के आकारात, काठाजवळ पाहून पट्टी सरकवावी आणि धागा पुसट होऊ लागताच थोडी मागे घ्यावी. धार वाढविणे, म्हणजे 'शार्पन', नेहमी नंतर. आधी केले तर दाणेच धारदार होतात.

माल जागचा हलत नाही, याचा फायदा घेणारी एक युक्ती आम्हाला सर्वांत पसंत आहे. स्टँड न हलविता एकाच मालाचे चार फोटो घ्यावेत. ते गिम्पमध्ये एकावर एक थरांत ठेवून खालून वर अनुक्रमे 100, 50, 33 व 25 टक्के अपारदर्शकता द्यावी. चौघांची सरासरी निघते. धागा चारही फोटोंत त्याच जागी असतो म्हणून टिकतो, दाणे दर वेळी जागा बदलतात म्हणून विरतात. खरखर निम्मी होते. सोळा फोटो घेतले तर पाव. मोबाईलचा 'नाईट मोड' साधारण हेच काम आपोआप करतो, तेव्हा त्या फोटोवर पुन्हा सफाई चालवू नये.

2023 साली लाईटरूममध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेची 'डिनॉइज' सोय आली. लग्नाचे फोटो काढणाऱ्या स्टुडिओवाल्यांना ती फार उपयोगी आहे. मालाच्या फोटोला वापरताना मात्र सावध असावे. ती हरवलेला तपशील अंदाजाने भरते, आणि फोटोतली बुट्टी प्रत्यक्ष कापडाशी जुळली नाही तर पार्सल परत येते व दोन्हीकडचे भाडे आपल्याच अंगावर पडते.

मूळ फोटो कधी पुसू नये, दुरुस्ती प्रतीवर करावी. व्हॉट्सॲपवर पाठविताना तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा; साधा फोटो म्हणून पाठविल्यास तो दाबून लहान केला जातो व जपलेला धागा वाटेतच हरवतो.