बंब गेला, गिझर आला

दिवाळी उलटून सकाळी गारठा जाणवू लागला की घराघरांत गरम पाण्याचा विषय निघतो. कुणाला नव्या जागेत गिझर बसवायचा असतो, तर कुणाचा जुना गिझर गळू लागलेला असतो. दुकानदार नवा गिझर घरपोच करतो, पण तो बसवणारा माणूस ‘आज येतो, उद्या येतो’ करत चार दिवस फिरकत नाही. मग घरातला एखादा हौशी सभासद पाना आणि ड्रिल मशीन घेऊन पुढे सरसावतो. ‘त्यात काय एवढं? दोन नळ जोडायचे आणि प्लग लावायचा!’

ही हौस वाईट नाही. गळक्या नळाचा वायसर बदलणे, बेसिनखालची जोडनळी बदलणे, सैल झालेला सांधा आवळणे ही कामे घरच्या घरी सहज होतात. चुकले तर फार तर फरशी ओली होते. गिझरचे तसे नाही. तिथे पाणी, वीज आणि उष्णता एकाच डब्यात बंद असतात. म्हणून कोणते काम आपले आणि कोणते जाणकाराचे, ही सीमारेषा आधी आखून घेतली पाहिजे.

बंबाला का नव्हती भीती?

आजीच्या घरचा तांब्याचा बंब आठवा. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी. वरून गार पाणी ओतावे, तेव्हा गरम पाणी बाहेर यावे. हा बंब वरून उघडा असे, त्यामुळे पाणी कितीही उकळले तरी वाफ निघून जाई, आत दाब साठत नसे. तो बहुधा परसात किंवा पडवीत असे, म्हणून धूर घरात कोंडत नसे. आणि विजेचा तर संबंधच नव्हता.

गिझर म्हणजे हाच बंब, पण चहूबाजूंनी बंद केलेला, विजेवर किंवा गॅसवर चालणारा आणि थेट न्हाणीघरात आणून टांगलेला. बंबाला जे संरक्षण आपोआप मिळत होते, ते गिझरला मुद्दाम द्यावे लागते. दाबासाठी सेफ्टी व्हॉल्व्ह, विजेसाठी अर्थिंग आणि गॅससाठी मोकळी हवा हे ते तीन पहारेकरी. गिझर बसवताना काटकसर होते ती नेमकी यांच्याच बाबतीत.

टांगण्यापासून पाणी भरेपर्यंत

आधी भिंत पाहा. २५ लिटरचा गिझर पाण्याने भरला की त्याचे वजन सुमारे ३५ किलो होते. विटांच्या पक्क्या भिंतीत, गिझरसोबत आलेल्या फास्टनरवरच तो टांगावा. पोकळ पार्टिशनवर किंवा लाकडी गुट्टीवर विसंबू नये. उभा गिझर जागा नाही म्हणून आडवा लावू नये. आतली कॉइल उघडी पडून जळण्याची शक्यता असते.

मग जोडणी. निळी खूण गार पाण्याच्या आत येण्याची, लाल खूण गरम पाण्याच्या बाहेर जाण्याची. आट्यांवर टेफलॉन टेप आठ-दहा वेढे, आटे ज्या दिशेने आवळले जातात त्याच दिशेने गुंडाळावी. उलटी गुंडाळली तर आवळताना ती सुटून येते. गरम पाण्यासाठी पाइप वेगळा लागतो. नेहमीचा पांढरा यूपीव्हीसी पाइप उष्णतेने मऊ पडतो, त्यासाठी सीपीव्हीसी वापरावा.

जोडणी झाली की वीज सुरू करण्याची घाई नको. गरम पाण्याचा नळ उघडा ठेवून टाकी भरू द्यावी. आधी फुरफुर हवा येईल, मग सलग धार लागेल. धार लागली म्हणजे टाकी भरली. नळ बंद करून प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद धरावा. दोन-तीन तासांनीही कागद कोरडा राहिला, तर जोडणी उत्तम झाली. रिकाम्या गिझरचे बटण दाबले, तर नवी कॉइल काही मिनिटांत जळू शकते.

इथवरचे काम काळजीपूर्वक करणारा कोणीही करू शकतो. मात्र कंपनीच्या माणसाकडून बसवून घेण्याची अट वॉरंटी कार्डावर आहे का, ते आधी वाचावे.

‘व्हॉल्व्ह गळतो, बंद करून टाका!’

गार पाण्याच्या तोंडाशी पितळेचा एक छोटा व्हॉल्व्ह येतो. त्यावरचा बाण पाण्याच्या प्रवाहाच्या दिशेने, म्हणजे गिझरकडे हवा. हा व्हॉल्व्ह दोन कामे करतो. टाकीतले पाणी उलटे पाइपमध्ये जाऊ देत नाही, आणि आतला दाब प्रमाणाबाहेर वाढला की थोडे पाणी बाहेर सोडतो.

पाणी तापले की फुगते. २५ अंशांचे १५ लिटर पाणी ६५ अंशांपर्यंत तापवले, तर ते सुमारे पाव लिटरने वाढते. बंद टाकीत हे वाढलेले पाणी जाणार कुठे? व्हॉल्व्हमधून थेंब थेंब बाहेर येते. म्हणजे पाणी तापताना ठिबकणारा व्हॉल्व्ह बहुधा बिघडलेला नसतो, आपले काम करत असतो.

पण भिंत ओली होते, बादली ठेवावी लागते, म्हणून त्या छिद्राला बूच मारले जाते किंवा व्हॉल्व्हच काढून टाकला जातो. अशा वेळी थर्मोस्टॅट बिघडला आणि पाणी तापतच राहिले, तर गिझरची टाकी फुटू शकते. हिवाळ्यात गिझर फुटल्याच्या बातम्या येतात, त्यामागे अशी कारणे असतात. ठिबकण्याचा त्रास होत असेल, तर छिद्राला बारीक नळी लावून ती मोरीच्या तोंडाशी सोडावी. नळीचे टोक मात्र उघडेच हवे. गिझर थंड असतानाही पाणी सतत वाहत असेल, तर व्हॉल्व्ह बदलावा.

उंच इमारतीत आणखी एक गोष्ट पाहावी. गच्चीवरची टाकी दर १० मीटर उंचीमागे साधारण एक बार दाब देते. सात मजली इमारतीत तळमजल्यावर तो दोन बारच्या आसपास जातो. प्रेशर पंप असेल, तर त्याहून अधिक. बहुमजली इमारतीसाठी ८ बार दाब सोसणारा गिझर मागावा. हा आकडा गिझरवरच्या पट्टीवर छापलेला असतो.

तिसरी पिन शोभेची नव्हे

विजेचे काम वायरमनचेच. दोन किलोवॉटचा गिझर सुमारे ९ अँपिअर, तर तीन किलोवॉटचा १३ अँपिअर वीज ओढतो. त्याला १६ अँपिअरचा सॉकेट आणि स्वतंत्र जाड तांब्याची वायर हवी. बटण पाणी उडणार नाही अशा जागी, शक्यतो न्हाणीघराबाहेर असावे.

प्लगची वरची पिन इतर दोन पिनांपेक्षा जाड आणि लांब असते, कारण अर्थिंग सर्वांत आधी जोडले जावे आणि सर्वांत शेवटी सुटावे. पण जुन्या इमारतींत कधी कधी त्या भोकामागे वायरच नसते! कॉइलमधून वीज झिरपली, तर ती गिझरच्या पत्र्यात, नळात आणि नळाखाली उभ्या ओल्या माणसात उतरते. म्हणून गिझर लावण्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे.

‘आमच्याकडे एमसीबी आहे’, असे अनेकजण निर्धास्तपणे सांगतात. एमसीबी वायरिंगचे रक्षण करते, माणसाचे नव्हे. १६ अँपिअरची एमसीबी १६ अँपिअरपर्यंत गप्प बसते. माणसाचा जीव घ्यायला मात्र त्याचा काहीशेवा भागही पुरतो. त्यासाठी ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी लागतो. वीज वाट चुकून अंगातून वाहू लागली की तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. अर्थिंग आणि आरसीसीबी ही दोन्ही हवीत. आणि हे सगळे असले, तरी बटण बंद करूनच आंघोळीला बसण्याची सवय घरातल्या प्रत्येकाला लावावी.

न दिसणारा, वास नसलेला

गॅस गिझर लगेच गरम पाणी देतो, वीजही वाचवतो. पण त्याची ज्योत लहान नसते. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला दहा किलोवॉटहून अधिक उष्णता लागते. म्हणजे शेगडीचे तीन-चार मोठे बर्नर एकदम पेटवल्यासारखे. बंद न्हाणीघरात एवढी ज्योत पेटली की तिला प्राणवायू कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोके जड होते, गरगरते, मळमळते. दार उघडावे हे सुचण्याआधीच माणूस कोसळतो. गॅस गळला, तर त्याचा वास तरी येतो. इथे तीही सूचना मिळत नाही.

म्हणून गॅस गिझर आणि त्याचा सिलिंडर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत असावा. गरम पाणी पाइपने आत आणावे. खिडकी आहे, एक्झॉस्ट फॅन आहे, एवढ्यावर विसंबू नये. ज्योत निळी असावी. पिवळी दिसू लागली की वापर थांबवून सर्व्हिसिंग करून घ्यावे. आत गेलेली व्यक्ती हाकेला ओ देत नसेल, तर वाट पाहू नये. दार उघडून तिला मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा, ताबडतोब रुग्णालयात न्यावे आणि घरात गॅस गिझर आहे, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

महिन्यातून पाच मिनिटे

• आरसीसीबीवरचे ‘टेस्ट’ बटण दाबून पाहा. तो तुटला नाही, तर वायरमनला बोलवा.

• सेफ्टी व्हॉल्व्हची नळी उघडी आहे ना, ते पाहा.

• प्लग किंवा सॉकेट काळवंडलेला, वितळलेला दिसला, तर लगेच बदलून घ्या.

• बोअरचे जड पाणी असेल, तर दरवर्षी टाकीतला क्षार काढून घ्या. टाकीला गंजण्यापासून वाचवणारा मॅग्नेशियमचा दांडा झिजला असेल, तर तोही बदलायला सांगा.

• घरात लहान मुले, वृद्ध असतील, तर थर्मोस्टॅट कमी ठेवा. बादलीत आधी गार पाणी, मग गरम, असा क्रम ठेवा.

नळजोडणी हौसेने जरूर करावी. वायर, गॅस आणि व्हॉल्व्ह यांच्या बाबतीत मात्र जाणकाराला बोलवावे, आणि तो काम करत असताना शेजारी उभे राहून विचारावे, ‘अर्थिंग तपासलंत का? व्हॉल्व्ह कुठल्या दिशेने लावलात?’ हे विचारण्यात कसला संकोच? त्या न्हाणीघरात उद्या सकाळी आपलीच माणसे आंघोळीला जाणार आहेत.