राउटर चालू, पण वायफाय अदृश्य

ओरोस परिसरात वळिवाच्या गडगडाटात खंडित झालेली वीज परतल्यावर राउटरचे इतर दिवे लागूनही मोबाइलच्या यादीत घरच्या वायफायचे नाव दिसेनासे झाले, आणि तारेने जोडलेल्या संगणकावर इंटरनेट मात्र सुरळीत चालत असले, तर दोष बाहेरच्या जोडणीत नसून राउटरच्या प्रक्षेपणातच आहे, असे समजावे. प्रथम वायफायचे बटण चुकून दाबले गेले आहे काय, याची शहानिशा करावी; मग अडॅप्टर काढून अर्ध्या मिनिटाने पुन्हा लावावा. जुन्या फोनना केवळ २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी कळतात, आणि ५ गिगाहर्ट्झच्या लहरी जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंतींपलीकडे क्षीण होतात, हेही ध्यानी असावे. बारीक छिद्रातून करावयाचे रीसेट हा अखेरचा इलाज; त्याने जोडणीचे वापरनाव व परवलीचा शब्दही बहुधा पुसला जातो, म्हणून ते आधीच वहीत टिपून ठेवणे अगत्याचे.